दोन वर्षं मी आजारी नव्हते

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठांचे माननीय कुलगुरू यांस,

स. न. वि. वि.

माझ्याकडे कॉलेज सोडल्याचा एक दाखला आहे. ऑगस्ट २०१६ चा. खाली प्राचार्यांची सही आहे, जांभळा गोल शिक्का आहे आणि ‘महाविद्यालय सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘प्रकृती अस्वास्थ्य’ असं लिहिलेलं आहे. त्या अख्ख्या वर्षात मला साधी सर्दी झाल्याचंही आठवत नाही.

खरं कारण मी अर्जात लिहिलं होतं. दोन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजे सगळे ज्याला ईएनटीसी म्हणतात ते शिकून झाल्यावर मला भूशास्त्राकडे जायचं होतं. खिडकीतल्या क्लार्ककाकांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, ‘‘बाळ, असं कारण चालत नाही.’’

‘‘मग काय चालतं?’’

‘‘आजारपण चालतं. लग्न चालतं. वडिलांची बदली चालते. तुझं लग्न ठरलंय का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग आजारी पड.’’

माणूस भला होता. कोणत्या कारणाची फाईल किती दिवसांत वर जाते, हे त्याला नोकरीच्या अनुभवानं माहीत झालेलं होतं आणि माझे हेलपाटे वाचावेत एवढाच त्याचा हेतू होता. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी काविळीचं सर्टिफिकेट दिलं. आठव्या दिवशी माझा आजार अधिकृत झाला.

ही गोष्ट मी इतकी वर्षं हसत हसत सांगत आले. मागच्या महिन्यात माझा मावसभाऊ घरी आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोडून अर्थशास्त्राला जायचं म्हणतो. त्याच्या कॉलेजच्या खिडकीवर त्याला सांगितलं गेलं, ‘‘मेडिकल जोड, लवकर होईल.’’ दरम्यान नवं शैक्षणिक धोरण आलं, क्रेडिटची बँक आली, विद्यार्थ्याला बारा आकडी ओळख क्रमांक आला, आणि खिडकीवरचा सल्ला जिथल्या तिथे. तेव्हा म्हटलं, आता हसणं पुरे, आपल्याला लिहावं.

मी लातूरची. लातूर पॅटर्न काय चीज आहे हे आपल्याला सांगायला नको. आमच्याकडे दहावीनंतर मुलाला विचारतात, ‘बायो ठेवला का मॅथ्स?’ या प्रश्नाच्या उत्तरात त्याचं पुढचं आयुष्य आलं असं धरून चालतात. बायो म्हणजे डॉक्टर, मॅथ्स म्हणजे इंजिनिअर, दोन्ही ठेवले तर घरचे अजून आशेवर आहेत. मी मॅथ्स ठेवला.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमच्या घरात काळाचे भाग दोनच : भूकंपाच्या आधी आणि भूकंपाच्या नंतर. आईचं लग्न भूकंपाच्या आधीचं, माझा जन्म नंतरचा, आजोबा गेले ते नंतर दोन वर्षांनी. दुसरी गोष्ट पाण्याची. नळाला पाणी येण्याचा दिवस आम्ही सणासारखा लक्षात ठेवायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम. मी अकरावीला असताना त्यांनी कर्ज काढून घरामागे बोअर घेतला. पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा ठेवून परसात फिरला, नारळ उभा राहिला तिथं त्यानं टाचेनं खूण केली. ६०० फूट गेलो. नुसता फुफाटा. अंगणातली तुळस आठवडाभर राखेच्या रंगाची झाली होती. शेजाऱ्यांच्या बोअरला २०० फुटांच्या आतच पाणी लागलेलं होतं. अण्णांनी ते नशिबावर टाकलं.

जमीन का हलली आणि जमिनीतलं पाणी कुठं गेलं, या दोन प्रश्नांभोवती आमच्या जिल्ह्याचं जगणं फिरत होतं. या दोन्ही प्रश्नांचा अभ्यास करणारं एक शास्त्र आहे, त्याची डिग्री मिळते, त्यावर पोट भरता येतं, हे मला विसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नाही. बारावीला भूशास्त्र हा विषय आपल्या बोर्डात आहे, बालभारतीचं त्याचं पुस्तकही आहे. मी ते पुस्तक पहिल्यांदा पाहिलं ते एमएस्सी करताना, पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, वीस रुपयांना.

२०१४ साली मी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरला. त्या सुमारास दोन वर्षं राज्यातले इंजिनिअरिंगचे प्रवेश सीईटीऐवजी जेईई मेनवर होत होते, एवढाच काय तो फरक. बाकी पद्धत आजच्यासारखीच. नेट कॅफेत चुलतभाऊ माझ्या शेजारी बसला, मागच्या वर्षीचे कटऑफ काढले, उतरत्या क्रमानं लावले. सगळ्यात वर कॉम्प्युटर, मग आयटी, मग ईएनटीसी, मग मेकॅनिकल. झाली माझी आवड तयार. ईएनटीसीत पुढची चार वर्षं काय शिकवतात हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. ‘ए बघ, टेलिफोनचं असतंय काहीतरी,’ इतपत चर्चा झाली. साडी घेताना आई पदर उलगडून बघते, आतून शिवण बघते, दोन दुकानं पालथी घालते. माझी ब्रँच घ्यायला अकरा मिनिटं लागली. कॅफेवाल्यानं वीस मिनिटांचे पैसे घेतले म्हणून मला पक्कं आठवतं.

पहिलं वर्ष निघून गेलं. ते सगळ्यांना सारखंच असतं. दुसऱ्या वर्षी एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला, एटीकेटी लागली. त्या काळात मला सोडायचं होतं ते निव्वळ नापास झाल्यामुळे, आणि खरं सांगायचं तर मेसच्या भाजीमुळेही. त्या वेळी कुणी सोडू दिलं असतं तर मी कुठंही गेले असते आणि तिथूनही पळाले असते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. सोडून जावंसं वाटणारा प्रत्येक मुलगा योग्य कारणासाठीच सोडत असतो असा माझा दावा नाही.

मग एप्रिल २०१६ आला. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती, कलम १४४. मी पीएलसाठी, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीसाठी, घरी आले होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. सगळं गाव बघायला गेलं तशी मीही गेले. लोक इंजिनाला हार घालत होते. माझ्या शेजारी एक म्हातारा उभा होता, तो कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला, ‘‘रेल्वेनं पाणी आणायलेत. आन खालचं कुठं गेलं म्हणावं?’’

रात्री मी मोबाइलवर ते शोधायला बसले. पहाटे तीनपर्यंत वाचत होते. सिग्नल्स अँड सिस्टिम्सचं पुस्तक उशाला तसंच. तेव्हा कळलं की दख्खनचा काळा पाषाण हा एकसंध दगड नव्हे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. बऱ्याच थरांचा माथा सच्छिद्र, हवेचे फुगे अडकलेला. पोट मात्र घट्ट. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं गेरूसारखी लाल माती. पाणी राहतं ते झिजलेल्या, भेगाळलेल्या, सच्छिद्र भागात, आणि तोही भाग सगळीकडे सारख्या खोलीवर नसतो. शेजाऱ्यांचा बोअर अशाच एखाद्या भेगेत गेला असणार. अण्णांचं कर्ज घट्ट पोटात गेलं होतं. नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता.

कॉलेजात परतल्यावर मी लॅबच्या मॅडमना हे सांगितलं. त्या ईएनटीसीच्या, मला वाटलं समजावतील, थांबवतील. त्यांनी एकच विचारलं, ‘‘नापास झालीस म्हणून सोडतेस, की पास झालीस तरी सोडशील?’’ मला उत्तर देता आलं नाही. त्या म्हणाल्या, ‘‘आधी एम-थ्री काढ. मग माझ्याकडे ये.’’ मी काढला. निकाल लागला त्या दुपारी त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, तरी सोडायचंय.’’ त्यांनी चहा मागवला.

मान्यवर कुलगुरू, माझ्या सगळ्या शिक्षणात समुपदेशन म्हणावं असं जे काही झालं ते एवढंच, दोन वाक्यांचं. ते माझ्या नशिबी आलं कारण त्या मॅडमना त्या दिवशी दुसरं लेक्चर नव्हतं.

पुढचं सगळं कागदावरचं. कॉलेजनं आधी उरलेल्या दोन वर्षांची फी मागितली, ‘तुमच्यामुळे जागा रिकामी राहणार’ या हिशोबानं. मूळ कागदपत्रं त्यांच्या कपाटात. अण्णा सुट्टी टाकून लातूर–पुणे तीन वेळा आले. मुनीमगिरीत आयुष्य गेलेला माणूस, एका रुपयाचा हिशोब चुकला तर रात्री झोपत नाही. त्यांच्या लेकीच्या दाखल्यावर खोटं कारण चढणार हे कळल्यावर ते मला फक्त एवढंच म्हणाले, ‘‘आता काय करायलीस बाई तू?’’ शेवटी काविळीमुळे सूट म्हणून ४० हजारांवर तडजोड झाली. बोअरचं कर्ज अजून फिटायचं होतं.

आता आपण म्हणाल, हे जुनं झालं. काही बाबतींत झालं. विद्यापीठ अनुदान आयोगानं ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परताव्याचे नियम काढले, मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला मनाई केली. त्या नियमांचं मी स्वागतच करते. पण त्यातलं कोष्टक आपण एकदा विद्यार्थ्याच्या नजरेतून वाचा. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी सोडलं तर पूर्ण फी परत, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर शून्य. म्हणजे प्रवेश बंद झाल्यावर विषय ओळखायला मुलाकडे एक महिना. आपल्याकडे फेऱ्या लांबत लांबत जातात, वेळापत्रक लागतं, वर्ग बदलतात, आणि पहिली युनिट टेस्ट व्हायच्या आत हा महिना संपलेला असतो. हे कोष्टक एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात उडी मारणाऱ्या मुलांसाठी ठीक आहे. विषय चुकलाय हे ज्याला अभ्यास करून कळतं, त्याच्यासाठी त्यात रकानाच नाही.

मग क्रेडिट बँक. २०२१ ची नियमावली, विषय पास होऊन मिळवलेलं क्रेडिट सात वर्षांपर्यंत जमा राहणार, एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येणार. ऐकायला फार छान. मावसभावाचं खातं आहे, त्यात पहिल्या वर्षाची सगळी क्रेडिट्स दिसतात. अर्थशास्त्राच्या प्रवेशाला गेल्यावर त्याला सांगितलं गेलं की ही क्रेडिट्स इथं धरायची की नाही ते आम्ही ठरवणार, आणि आम्ही धरत नाही. पासबुक आहे, शिल्लक आहे, पैसे काढायला गेलं की ‘या शाखेत चालत नाही’. त्यानं इंजिनिअरिंगचं दोन सत्रांचं गणित केलंय, संख्याशास्त्र केलंय. अर्थशास्त्राला गणित लागत नाही असं जर एखाद्या विभागाला वाटत असेल तर प्रश्न माझ्या भावाचा नाही.

माझं तर क्रेडिट बँकेच्या आधीचं. एम-वन, एम-टू, एम-थ्री पास होऊन मी एफवाय बीएस्सीच्या वर्गात पुन्हा अवकलन शिकत बसले. पर्यावरणाचा सक्तीचा पेपर दोनदा दिला. तो पेपर आयुष्यात एकदा देणाऱ्यालाही शिक्षाच वाटतो.

आणि गंमत बघा, अभ्यासक्रम अध्येमध्ये जोडून घेणं आपल्याला जमत नाही असं मुळीच नाही. पॉलिटेक्निकची मुलं दर वर्षी इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला येतात. बीएस्सी झालेल्यांनाही तो रस्ता खुला आहे. कुणाचं काय कमी पडतंय, कोणते विषय भरून काढायचे, हे सगळं ठरलेलं आहे, फॉर्म आहेत, फेऱ्या आहेत. म्हणजे इंजिनिअरिंगमध्ये मधूनच शिरायला दार आहे. इंजिनिअरिंगमधून मधूनच निघून दुसऱ्या विद्याशाखेच्या दुसऱ्या वर्षाला जायला तसं दार मला सापडलं नाही, आणि मी पुष्कळ शोधलं. रस्ता बांधायची अक्कल आपल्याकडे आहे. तो एकाच दिशेनं बांधलाय.

ब्रँच चेंजची तर तऱ्हाच वेगळी. इंजिनिअरिंगमध्ये पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलायची असेल तर साधारणपणे काय लागतं? पहिल्या वर्षाचे उत्तम गुण, आणि हव्या त्या ब्रँचला रिकामी जागा. ज्याचं गाडं रुळावर आहे त्याला रूळ बदलायची मुभा, ज्याचं घसरलंय त्यानं तिथंच राहायचं. परिणाम असा की ब्रँच चेंज म्हणजे कॉम्प्युटर गाठायची दुसरी संधी, एवढाच त्याचा अर्थ उरला. काही आयआयटींनी अलीकडे ही पद्धतच बंद केली, पहिल्या वर्षातली त्यासाठीची चढाओढ मुलांना पेलवेना म्हणून. रोग ओळखला, पण औषध म्हणून दारच बुजवलं.

‘मग सगळे कॉम्प्युटरला पळतील’ ही भीती मी अनेक प्राध्यापकांकडून ऐकली आहे. पळतील, थोडे दिवस. पण भूशास्त्राच्या, संख्याशास्त्राच्या, तत्त्वज्ञानाच्या वर्गात जागा रिकाम्या असतात, तिकडे येणाऱ्यांना कसली चढाओढ? मी ऑगस्टमध्ये, सगळे प्रवेश संपत आल्यावर गेले, तरी भूशास्त्राच्या वर्गात जागा होत्या. सरांनी मला विचारलं, ‘‘चुकून आलीस का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही सर, चुकून दुसरीकडे गेले होते.’’ वर्ग हसला, आणि बाहेरगावहून दोन वर्षं उशिरा आलेली ही कोण, हा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटला.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. हॉस्टेलवर माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला माझ्याआधी सोडायचं होतं. तिचा कल भाषेकडे होता. तिची वही म्हणजे एका बाजूला सर्किटं आणि मागच्या पानांवर शब्दांच्या व्युत्पत्ती. ती सोडू शकली नाही. ती शिष्यवृत्तीवर शिकत होती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत एक जुनी अट आहे : ज्या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती मंजूर झाली तो शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय बदलला, तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते आणि दिलेली रक्कम वसूलही होऊ शकते. परवानगी कुणाकडे मागायची, किती दिवसांत मिळते, हे तिला तालुक्याच्या ऑफिसात, जिल्ह्याच्या ऑफिसात, कॉलेजात, कुठंच कळलं नाही. वसुली या शब्दाला तिच्या घरी वेगळा इतिहास होता. ती चार वर्षं पूर्ण करून एका कॉल सेंटरमध्ये लागली. माझ्या अण्णांकडे मुनीमगिरीतून काढलेले ४० हजार होते, म्हणून मला चुकता आलं. आपल्याकडे चुकायचा हक्कसुद्धा ऐपतीप्रमाणे मिळतो.

कुणी म्हणेल, महाराष्ट्रात क्षेत्र बदलणाऱ्यांचं कौतुक काय कमी होतं? खरंच होतं. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, अनिल अवचट एमबीबीएस. आमच्या घरी मी सोडायचं म्हटलं तेव्हा मामानं हीच यादी माझ्याच विरोधात वापरली. ‘‘ह्या सगळ्यांनी डिग्री आधी घेतली. तू बी आधी डिग्री घे, मग काय नाटकं करायची ती कर.’’ मामाचं चूक नव्हतं. आपल्या समाजानं क्षेत्र बदलायला परवानगी दिलीय ती सुरक्षित डिग्री खिशात आल्यावर. पण मला डॉक्टर व्हायचं सोडून नट व्हायचं नव्हतं हो. मला एका शास्त्रातून दुसऱ्या शास्त्रात जायचं होतं, आणि तेवढ्यासाठी चार वर्षं नको ते पुरं करणं म्हणजे चुकीच्या एसटीत बसल्याचं कळल्यावरही तिकीट काढलंय म्हणून शेवटच्या स्टॉपपर्यंत जाणं. इरावती कर्वे फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान घेऊन १९२६ साली बीए झाल्या, मुंबईला समाजशास्त्रज्ञ घुर्यांकडे समाजशास्त्रात एमए केलं, मग बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात डॉक्टरेट. त्यांना कुठल्या खिडकीवर आजारपणाचं सर्टिफिकेट मागितल्याचं मी वाचलेलं नाही.

लांब कशाला, पुण्यात पाषाणला आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे, २००६ पासून. तिथल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिली दोन वर्षं मुलं मूलभूत विज्ञानाचे सगळे विषय शिकतात आणि मग ठरवतात. कुणी त्यांना अठराव्या वर्षी ‘ब्रँच कोणती’ विचारत नाही. आपल्या विद्यापीठांच्या नव्या बीए-बीएस्सीतही पहिल्या वर्षी विषय चाखून पुढे मेजर, म्हणजे मुख्य विषय, ठरवायची सोय अनेक ठिकाणी आली आहे, हे मला आवडलं. पण ती विद्याशाखेच्या आत. मुलं चुकतात ती नेमकी कुंपणाच्या पलीकडे.

मला काय हवंय ते आता सरळ सांगते. पहिल्या वर्षाच्या शेवटी, आणि शक्य झालं तर दुसऱ्याच्याही, एकाच विद्यापीठातल्या कोणत्याही विद्याशाखेत रिकाम्या जागेवर जाता यावं. गुणांवर नव्हे, विभागानं मुलाशी तासभर बोलावं, एखादा साधा पेपर घ्यावा आणि ठरवावं. आधी पास झालेलं गणित, भौतिकशास्त्र, भाषा, पर्यावरण यांची क्रेडिट्स न मागता धरावीत, आणि धरायची नसतील तर का ते लिहून द्यावं. शिष्यवृत्तीबद्दल शासनाशी आपण बोलावं, कारण आमचं तिथं कुणी ऐकत नाही. पहिला बदल हा बदल मानला जाऊ नये, अट दुसऱ्या बदलापासून लागू व्हावी. आणि दर कॉलेजात एक माणूस असावा, ज्याला हे सगळे नियम माहीत आहेत आणि ज्याला त्या दुपारी दुसरं लेक्चर नाही. त्यानं मुलांना थांबवू नये, ढकलूही नये. फक्त विचारावं, पास झालास तरी सोडशील का?

प्रवेशाआधीचं एक आहे, ते मागणी म्हणून नाही, सुचतंय म्हणून लिहिते. बारावीची परीक्षा संपल्यावर आपले वर्ग काही दिवस उघडे ठेवता येतील का? येईल त्यानं मागच्या बाकावर बसावं. ईएनटीसीच्या एका लॅबमध्ये मी दोन तास बसले असते, तर कदाचित तरीही तेच निवडलं असतं. पण निदान टेलिफोनचं काहीतरी असतं, एवढ्यावर निवडलं नसतं.

‘दोन वर्षं वाया गेली’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की सुरुवातीला मीही तेच म्हणायचे. एमएस्सीला असताना आम्ही उस्मानाबादच्या बाजूला, म्हणजे आताच्या धाराशिवकडे, फील्डवर होतो. पाणी शोधताना जमिनीत चार सळया ठोकतात, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात आणि मधल्या दोहोंमध्ये विजेचा दाब मोजतात. कोणता थर किती विरोध करतो यावरून खाली काय असेल त्याचा अंदाज बांधतात. आमचं यंत्र भलतेच आकडे द्यायला लागलं. सगळे म्हणाले खडकच असा असेल. मी वर बघितलं, तर उच्च दाबाची तार डोक्यावरून गेलेली. यंत्र शंभर मीटर बाजूला नेलं, केबलचा एक सांधा निसटत होता तो तिथंच खरडून डाग दिला, आणि आकडे जागेवर आले. सर म्हणाले, ‘‘हे कुठं शिकलीस?’’

मी म्हटलं, ‘‘आजारी होते तेव्हा, सर.’’

आता मी गावोगाव हेच काम करते. बोअर कुठं घ्यायचा यापेक्षा कुठं घेऊ नका, हे सांगण्यात माझा जास्त वेळ जातो. अण्णांचा बोअर आम्ही पावसाचं पाणी मुरवायला वापरतो. घट्ट पाषाणात फारसं मुरत नाही हे मला माहीत आहे, पण वरच्या मुरमात थोडं जातं आणि अण्णांना बरं वाटतं.

शेवटी एक वैयक्तिक विनंती. दाखल्यावरच्या नावातली चूक दुरुस्त करायचा अर्ज असतो, जन्मतारखेचा असतो, जातीच्या नोंदीचा असतो, हे मी खिडकीवर विचारून आले. सोडण्याचं कारण दुरुस्त करण्याचा नमुना त्यांच्याकडे नाही. आपल्याकडे असेल तर कृपया कळवावं. कोणत्या रकान्यात काय भरायचं ते मला आता नीट माहीत आहे, आणि सोबत कोणतंही सर्टिफिकेट जोडायची माझी तयारी नाही.

आपली विश्वासू,
ईएनटीसीची दोन वर्षांची आणि भूशास्त्राची कायमची विद्यार्थिनी,
लातूर